आत्तींचा हुडवा

१४ मे १९४९. आज खताचा खड्डा उपसायला काढला आहे. गडी सकाळी येतो म्हणाला होता, म्हणजे दुपारच्या भाकरीनंतर येईल, हे धरून मीच खोरं हातात घेतलं. पावसाळ्याआधी खत रानात पडायला हवं, आणि त्याआधी चार पोती वेगळी भरून हळदीच्या गाडीवर सांगलीला जायला हवीत. वरचा शेणमातीचा लेप कडक वाळला होता. एका कडेला खोरं घालून उचकटलं, तर भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा तो मोठाच्या मोठा सुटून आला आणि खाली काळंभोर, मोकळं, थंडगार खत दिसलं. मूठभर घेऊन दाबलं, गोळा झाला. बोटानं टोकरलं, भुगा झाला. म्हणजे तयार आहे. याहून मोठी परीक्षा मला माहीत नाही.

वास म्हणाल तर काही नाही. नीट कुजलेल्या खताला वास नसतोच. असलाच तर विहिरीच्या कपारीचा असतो तसा ओला, गार वास. दुर्गंधी येते ती अर्धवट राहिलेल्या कामाला.

चार पोती माझ्या लेकीसाठी, कुसुमसाठी. तिनं आणि जावयांनी विश्रामबागेत नवं घर बांधलं. घर चांगलं आहे, उजेडाचं आहे, पण बांधणाऱ्यानं जाताना सगळ्या अंगणात मुरूम पसरून वर चुन्याचा राडा टाकला. मुरमात तिनं शेवंती लावली, ती गेली. मोगरा लावला, तोही गेला. शिमग्याला आली तेव्हा म्हणाली, "आई, नदीकाठची काळी माती दोन गाड्या पाठव."

"माती मिळायची नाही. खत देते."

"खताला वास येतो गं. शेजारी प्रोफेसर राहतात."

"मग? प्रोफेसर जेवत नाहीत का?"

ती रुसली. आई दोन गाड्या मातीला महाग झाली, असं तिला वाटलं. मी तेव्हा काही सांगत बसले नाही, हातात काम होतं. आज खड्ड्याच्या काठावर गड्याची वाट बघत बसले आहे, तर सांगते.

माती का देत नाही, याचं उत्तर आमच्या घराच्या भिंतीत आहे. इस्लामपूरहून नदीकडं उतरलं की आमचं गाव लागतं. मी लग्न होऊन आले तेव्हा गावात सगळी घरं मातीची, आणि आमचं एकट्याचं भाजक्या विटांचं. माझ्या माहेरच्यांनी स्थळ पसंत केलं ते त्या विटा बघून. या विटा माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांनी, स्वतःच्या रानात पाडल्या. वीट चांगली व्हायला माती चांगली लागते, म्हणून त्यांनी चांगल्यातलं चांगलं रान निवडलं. आधी आपल्या घरापुरती भट्टी लावली. मग पाहुण्यांनी विटा मागितल्या, मग देवळाला लागल्या, मग शाळेला. मामांना नाही म्हणता येत नसे. वर्षामागून वर्ष वरची माती खरवडली जात राहिली, आणि ते रान शेजारच्या बांधापासून कमरेइतकं खाली गेलं. तळाशी उरली पिवळी, चिवट माती. पावसात ताटासारखं पाणी धरणारी, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडणारी. वर सगळीकडं विटांचे लाल तुकडे. गाव त्याला भट्टीचं रान म्हणायचं.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणायचो, संध्याकाळी दिवा लावून झाला की जाता जाता भिंतीला तळवा टेकवायच्या. मला आधी वाटलं, कंबर दुखत असेल. एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "कंबर न्हाई गं. माझं रान हाय ह्ये. आडवं हुतं, आता उभं ऱ्हायलंय."

मामा वारले, आणि लढाई चालू असताना एका रजेत दोघा भावांची वाटणी झाली. आमचे हे पलटणीत होते. थोरल्या भाऊजींना नदीकडचा उसाचा पट्टा गेला आणि आम्हाला भट्टीचं रान आलं. पंच म्हणाले, याला सरकारचा पगार आहे, थोरल्याला पोरं जास्त आहेत. हे एका शब्दानं भांडले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते, मी आणि आत्ती अशी तिघं रान बघायला गेलो. यांनी बुटाच्या टोकानं विटेचा एक तुकडा उडवला आणि म्हणाले, "आये, ह्यात काय पिकतंय? मी पलटनीतच बरा. लढाई संपली तरी म्होरं नोकरीची सई करतो."

रजा संपून हे गेले, तेव्हा आत्ती वेशीपर्यंत गेल्या, परत आल्या, आणि पदरानं तोंड पुसून मला म्हणाल्या, "अनसे, त्यानं सई करता कामा नये."

म्हणजे ते रान पिकतं करायला हवं होतं. पुढच्या रजेला आलेल्या माणसाला तिथं उभं राहून आपलं घर आठवावं, पलटण आठवू नये, एवढंच. हे आम्हा दोघींनाही पटलेलं होतं. पण घरात शेण एक, आणि त्याच्या मागण्या दोन, इथं आमचं बिनसलं.

शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवं. आमच्याकडं जळणाला लाकूड कमी. जनावरांचं शेण थापून, वाळवून शेणी करायच्या आणि वर्षभर त्याच चुलीत घालायच्या. शेणी पावसात भिजू नयेत म्हणून त्या गोल रचत न्यायच्या, वर निमुळतं करत आणायचं आणि सगळीकडून शेणमातीनं लिंपून टाकायचं. हा हुडवा. लांबून बघितलं तर बुटकं देऊळ वाटावं. आत्तींचा हुडवा गावात नावाजलेला होता. लिंपण ओलं असताना त्या पाची बोटं फिरवून त्यावर उसाची पानं काढायच्या.

आणि घरच्या हुडव्याशेजारी, बाभळीखालच्या दगडी ओट्यावर, त्यांचा स्वतःचा एक लहान हुडवा होता. त्याला कुणी हात लावायचा नाही. आमच्या भागात माणसाला शेणींवरच जाळतात. ऐन पावसाळ्यात कुणी गेलं तर कोरड्या शेणींसाठी घरोघर फिरायची पाळी येते, म्हणून आत्तींनी आपली सोय आपल्या हातानं थापून ठेवली होती. दर दसऱ्याला त्या तिच्यावर नवा लेप द्यायच्या. पेटीत एखादं ठेवणीतलं लुगडं असावं आणि ते मधून मधून उन्हात घालावं, तितकंच साधं ते काम होतं. मला सुरुवातीला अंगावर काटा यायचा. नंतर मीच त्यांना लेपाला पाणी आणून द्यायला लागले.

त्या सुमाराला शेतकी खात्याचे एक साहेब चावडीवर येऊन सांगून गेले होते की उसाचं पाचट, म्हणजे वाळली पानं, जाळू नका, खड्ड्यात शेणाबरोबर थर देऊन कुजवा. मी सातवीपर्यंत शिकलेली, तेव्हा मला ते लगेच खरं वाटलं. थोरल्या भाऊजींच्या रानात पाचटाचे ढीग पडले होते. मी भारे बांधून आणायला लागले, तर थोरल्या जाऊबाई, अक्का, बांधावर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"अनसे, पाचाट कशाला गं नेतीस? लुगडं इननार हायस का त्याचं?"

"तुमी जाळनारच की, अक्का."

"जाळल्याबिगर उसाचा खोडवा फुटत न्हाई, बाई. ने, ने. तुझ्या रानाला तेवढाच हिरवा रंग."

हिरवा नव्हताच, पण असो. खड्डा खणला, पाचट भरलं, आणि शेणासाठी आत्तींपुढं उभी राहिले. आत्ती तोंड फिरवून एखादी पाटी द्यायच्या, तीही रोज नाही. मला वाटलं, चालेल. पुढच्या वैशाखात खड्डा उघडला, तर पाचट जसं घातलं होतं तसंच, पिवळंधमक, कुरकुरीत. मधोमध उंदरांनी पिलं घातली होती. अक्का बघायला आल्याच. "चांगलं घर बांधून दिलंस की उंदरास्नी," म्हणाल्या. "त्यास्नी तरी वाटनीत बरं मिळालं."

त्याच आठवड्यात म्हसवडकडचे धनगर मेंढरं घेऊन माघारी निघाले होते. ते वाटेत लोकांच्या रानात मेंढरं बसवतात. रान फुकटात खतावतं, त्यांना धान्य मिळतं. त्यातल्या बिराला मी भट्टीच्या रानात मेंढरं बसव म्हणून गाठलं. तो काठीवर हनुवटी टेकून रानाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "वैनी, माझी मेंढरं मुकी हायती. खुळी न्हाईत."

मला हसू आलं आणि घरी येईस्तोवर रडूही आलं. त्या तिरीमिरीत मी आत्तींना म्हणाले, "समदं शेन चुलीतच घालनार असाल तर मी रानात काय घालू?"

त्या शेणी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "आन् समदं रानात घाटलं तर मी तव्याखाली काय घालू? माझी हाडं?"

त्यांचा हात तिथं थांबला. त्यांनी बाभळीकडं पाहिलं, मीही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी मी विहिरीवरून घागर घेऊन येत होते. परसातून धप् धप् असा आवाज येत होता. बघते तर आत्ती पदर खोचून, कुदळीनं आपला हुडवा फोडत होत्या. उसाच्या पानांचं लिंपण खपलीसारखं निघून पडत होतं. मी घागर तिथंच टेकवली.

"आत्ती! आवं, ह्यो तुमचा हाय!"

"कुनाचा हाय ते मला ठावं हाय. पाटी आन."

"आन् तुमाला लागला म्हंजे?"

"मी काय उद्या चालली व्हय? आन् गेलेच, तर मला तशीच उघडी ठेवून बसनार हायसा का समदी?" कुदळ खाली ठेवून त्यांनी श्वास घेतला. मग हळू म्हणाल्या, "मला जायाला शेनी लागत्यात. त्येला यायाला रान लागतंय. आदी त्यो येऊ दे."

मी पाटी आणली.

शेणी वर्षानुवर्षं वाळून खापरासारख्या झालेल्या. आत्ती त्या तशाच खड्ड्यात टाकायला निघाल्या. मी म्हटलं, अशा आणखी दहा वर्षं कुजायच्या नाहीत, भिजवू या. मामांच्या गुऱ्हाळाची जुनी काहील गोठ्यामागं पालथी पडली होती. ज्या कढईत कधी काळी गूळ व्हायचा तिची सांध्याची भेग मातीनं बुजवली, पाणी भरलं आणि त्यात शेणी सोडल्या. प्रत्येक शेणीवर आत्तींच्या पाच बोटांचे ठसे होते. शेणी बुडाल्या, पुन्हा वर आल्या. आधी त्यांच्या कडा सुटल्या, मग हळूहळू ते ठसे पुसले, आणि पाणी चहाच्या रंगाचं होऊन दाट होत गेलं. आत्ती काठाशी बसून काठीनं ढवळत होत्या. त्यांना काय वाटत होतं, ते मी विचारलं नाही. ढवळताना त्या कसलीशी ओवी पुटपुटत होत्या एवढं खरं.

खड्ड्यात पाचटाचा थर, त्यावर हा काला, ताज्या शेणाची पाटी, भट्टीची जुनी राख, भाऊजींच्या गुऱ्हाळावर टाकून दिलेली मळी, आणि मग तुडवणं. सुटं राहिलं की कुजत नाही, हे उंदरांनी शिकवलं होतं. आम्ही दोघी लुगडी खोचून आत उतरलो. गुडघ्यापर्यंत गार, निसरडं. वरून वैशाखाचं ऊन. आत्तींनी माझा खांदा धरला होता. एवढ्या वर्षांत त्यांनी मला असं धरलेलं मला आठवत नाही. त्यांची पाठ चोळली होती, पाय दाबले होते, पण असा भार त्यांनी कधी टाकला नव्हता. अक्का वाटेनं चालल्या होत्या. थांबल्या.

"काय गं बाई! सासू-सुना नाचाया लागल्या का काय?"

"ये की," आत्ती म्हणाल्या. "तुलाबी जागा हाय."

अक्का नाक उडवून गेल्या. दुसऱ्या दिवशी खड्ड्याच्या काठावर शेणाची एक भरलेली पाटी होती. आमची नव्हती. आमच्या पाटीचे कान तुटलेले आहेत, हिचे शाबूत होते. मी ती ओतून, धुऊन, अक्कांच्या दारात उपडी घालून आले. याविषयी आम्ही दोघी आजतागायत बोललेलो नाही.

तेव्हाच घरात एक नेम ठरला: सकाळचं शेण चुलीला, कारण ते थापायला ऊन मिळतं, संध्याकाळचं खड्ड्याला. तो नेम अजून चालू आहे. सासू-सुनांच्या भांडणातून इतकी टिकाऊ गोष्ट निघालेली मी दुसरी पाहिली नाही.

काही दिवसांनी सकाळी खड्ड्यातून वाफ यायला लागली. आत्तींनी वरच्या लिंपणाला बोटभर भोक पाडून हात लावला आणि झटकन काढला. मग तळहात पालथा करून पुन्हा ठेवला, लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. "ताप भरलाय गं ह्येला," म्हणाल्या. त्यानंतर रोज त्या तिथं जाऊन ताप बघायच्या. पावसात एकदा खड्डा उलथापालथा केला, दिवाळीनंतर उघडला, आणि खत काळं निघालं. पाचट कुठलं, शेणी कुठल्या, काही ओळखू येत नव्हतं. पांढऱ्या सुतासारखी बुरशी आणि जाडजूड गांडुळं.

रान इतकं खोल की गाडी उतरत नव्हती. सगळं खत पाट्यांनी डोक्यावरून नेलं. मान आखडली, पण एक बरं झालं. पाटी जिथं ओतली तिथली माती मी स्वतःच्या पायांनी तुडवली, तेव्हा कुठं मऊ आहे, कुठं विटांचा थर आहे, ते तळव्यांना कळत गेलं. अजूनही डोळे मिटून त्या रानात चालू शकेन. खोलगट असल्यानं ओल धरून होतं, म्हणून हरभरा पेरला. मामांनी खड्डा पाडला नसता तर त्या वर्षी ओल टिकली नसती, असं मी आत्तींना म्हणाले. "त्यास्नी सांगू नगंस," त्या म्हणाल्या. मामा जाऊन बराच काळ झाला होता.

हे रजेवर आले तेव्हा हरभऱ्याचे घाटे भरले होते. आम्ही त्यांना काही न सांगता रानात घेऊन गेलो. आत्तींनी पाचट पेटवून त्यावर हरभऱ्याचे डहाळे भाजले, हावळा केला. तिघं काळे हात, काळी तोंडं करून खात बसलो. यांनी एक ढेप उचलली, चोळली, हात झटकला, पुन्हा दुसरी उचलली. बराच वेळ त्यांचं हेच चाललं होतं. मी त्यांच्याकडं बघायचं टाळत होते. शेवटी बांधाकडं बोट करून म्हणाले, "ह्या कडंला हीर काढाया पायजे."

आत्ती घाटे सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काढ की. पन हीर काढायला मानूस घरात लागतोय."

हे हसले. लढाई संपल्यावर त्यांनी पुढं सही केली नाही. विहीर त्याच कडेला आहे. दोन वर्षांनी बिरा धनगर न बोलावता आला आणि मेंढरं त्या रानात घातली, मी म्हटलं, "खुळी झाली व्हय रं तुझी मेंढरं?" तर दात काढून हसला.

आत्ती गेल्या त्या पुढं एका आषाढात, संततधार लागली असताना. हरभऱ्यानंतर त्यांनी स्वतःचा हुडवा पुन्हा रचला नव्हता, मी विषय काढला की म्हणायच्या, "बघू गं, आता घाई काय हाय?" घरचा हुडवा निम्म्यावर आला होता. हे माझ्याकडं बघत होते, मी परसाकडं बघत होते, आणि कोरड्या शेणी कुठून आणायच्या हे दोघांनाही बोलवत नव्हतं. तेवढ्यात दारात अक्का. डोक्यावर घोंगडं, घोंगड्याखाली पाटी, पाटीत कोरड्या खडखडीत शेणी. त्यांच्यामागं शेजारीण, तिच्यामागं तिची सून, मग पलीकडच्या आळीतल्या बायका, सगळ्या घोंगड्यांखाली वाकून, पाटी छातीशी धरून. ज्याला पाऊस माहीत आहे त्यालाच याचा अर्थ कळेल. पावसाळ्यात हुडवा एकदा फोडला की आत ओल शिरते, पुन्हा लिंपून भागत नाही. त्या पावसाळ्यात आमच्या गावातल्या किती चुली नुसत्या धुमसत होत्या, आणि एकाही बाईनं ते बोलून दाखवलं नाही. अक्का पाटी ओतून जाताना एवढंच म्हणाल्या, "आत्तीस्नी ओल्यात घालायचं न्हाई." मग भिंतीला हात टेकून रडल्या.

गडी आला एकदाचा. चार पोती भरून, तोंडं शिवून गाडीवर चढवली. गाडीवानाजवळ कुसुमसाठी निरोप दिला: मुरूम गुडघाभर खण, त्यात पोतं रितं कर, रोजचा भाजीपाल्याचा कचरा त्यातच पुर, आणि या वर्षी मोगऱ्याचं नाव काढू नकोस, नुसता ताग पेरून मातीतच मोडून टाक, त्याचंही खत होतं. पुढच्या वर्षी मोगरा. ती म्हणेल, आईची माती द्यायची तयारी नाही. कुणाच्या तरी रानाची साल काढून तिच्या अंगणात अंथरायची तयारी माझी खरंच नाही. कधी सुट्टीला आली तर भट्टीच्या रानात घेऊन जाईन. अजून ते बांधापासून खालीच आहे, पण कमरेइतकं राहिलं नाही. आता मांडीपर्यंत येतं.

इथवर काल लिहिलं. आज सकाळी नेहमीप्रमाणं शेणी थापल्या. सकाळचं शेण चुलीचं. थापून झाल्यावर पाटीत थोडं शेण उरलं, ते घेऊन बाभळीखालच्या दगडी ओट्याकडं गेले. ओट्यावर पाला साचला होता, तो झाडला. तिथं पाच-सहा शेणी वेगळ्या थापल्या. हे दात घासत उभे होते, म्हणाले, "तिथं कशाला गं?"

"ऊन चांगलं लागतं."

त्यांनी वर बाभळीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि चूळ भरायला निघून गेले.

हात धुतले. कुसुमच्या मुरमाला लागल्या तर या शेणी तिकडं जातील. नाही लागल्या, तर माझ्या आहेतच.